दामूअण्णांची सात वाजताची गाडी

आमच्या शेजारचे दामूअण्णा चहा झाला की ओट्यावर येऊन उभे राहतात आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आल्याचा चहा फलाटावर लागलेला आहे." मग आतून काकूंचा आवाज येतो, "प्रवासी तुम्ही एकटेच. या आत."

अण्णा महाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तेव्हा माईक जमा करून आले. आवाज मात्र कुणी मागून घेतला नाही. तेव्हापासून तो आवाज आमच्या गल्लीत आहे. घरात बोलताना ते आपल्यासारखेच 'नाय' आणि 'हाय' म्हणतात, पण ओट्यावर उभे राहिले की एकदम शुद्ध होतात. मी शाळेत मराठी शिकवते, पण 'सदर' हा शब्द इतक्या प्रेमाने मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. एकदा माझा भाऊ आला होता, त्याच्याबद्दल अण्णांनी परस्पर जाहीर करून टाकलं की सदर पाहुणे जेवूनच जातील. मला त्या दिवशी स्वयंपाकच करायचा नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. "गाडीला नातेवाईक नसतात," हे त्यांचं ब्रीदवाक्य. वेळ झाली की गाडी सुटली, मग मागे कुणी का राहीना. काकू एकदा माहेरी निघाल्या होत्या. गाडीत पिशवी ठेवून त्या केळी घ्यायला खाली उतरल्या, तेवढ्यात अण्णांनी गाडी सोडली. "पिशवी माहेरी पोचली, मी नाय," असं काकू अजून सांगतात. मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं लांबायला लागली तेव्हा अण्णांनी भटजींना घड्याळ दाखवलं. भटजी बिचारे घाबरून शेवटच्या कडव्यावर आले आणि निम्म्या वऱ्हाडाच्या अक्षता हातातच राहिल्या.

पण अण्णांची खरी बहार पाहायची ती वर्षाच्या शेवटच्या दिवशी. त्या संध्याकाळी ते वर्ष सोडतात. म्हणजे एसटी सोडावी तसं. मध्यरात्री सुटतं ते वर्ष म्हणजे रातराणी, ते मुंबईवाल्यांसाठी, असं त्यांचं म्हणणं. आपली साधी गाडी, ती सातलाच सुटते. इस्त्रीचा शर्ट घालून, रॉकेलचं जुनं नरसाळं माईकसारखं तोंडाला लावून ते ओट्यावर उभे राहतात. काकू आत भजी तळत असतात आणि आम्ही सगळे अंगणात आपापल्या खुर्च्या घेऊन जमतो.

आधी सरत्या वर्षाचा आढावा. सदर वर्षी सावित्री नदीने आपल्या गल्लीत थांबा घेतला नाही, त्याबद्दल तिचे आभार. दर पावसाळ्यात पुराची धास्ती घेणाऱ्या आमच्या महाडात हे आभार मनापासून मानले जातात. त्या वाक्याला बायका हात जोडतात. मग कुणाकडे बाळ झालं ते 'नवीन प्रवासी', कुणाची मुलगी सासरी गेली ती 'गाडी बदलून पुढे'. जी माणसं वर्षात गेली त्यांची नावं घेताना अण्णा नरसाळं खाली ठेवतात आणि साध्या आवाजात म्हणतात, "उतरले. त्यांचं गाव आलं."

त्यानंतर सामान. पुढच्या वर्षात न्यायचं नाही असं एक ओझं प्रत्येकाने ओट्यापाशी येऊन टाकायचं. समोरची शैला सासूवरचा राग टाकते आणि तिच्या पाठोपाठ सासू येऊन शैलावरचा टाकते. मी दर वर्षी मुलांवर ओरडणं टाकते. शाळा सुरू झाली की ते पत्ता शोधत घरी येतं. एकदा मी अण्णांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "हरकत नाय गो. परत टाक. दर खेपेला थोडं हलकं होतं." मला त्या दिवशी हे वाक्य कुठल्याही प्रवचनापेक्षा बरं वाटलं.

शेवटी घोषणा होते, की पुढील गाडी लागत आहे, कुणीही घाई करू नये, सर्वांना जागा आहे. मग भजी.

या सगळ्यात एकच गोष्ट मला कळत नसे. सात वाजले की अण्णा या शेवटच्या घोषणेसाठी नरसाळं तोंडाशी नेत आणि थांबत. गल्लीच्या टोकाकडे बघत. "दोन मिनिटं," असं पुटपुटत. दोनाची दहा होत, भजी गार होत, पोरं कंटाळत, तरी हा घड्याळवाला माणूस उभाच. मला वाटे, नाटकी माणूस, रंगत वाढवतोय.

परवाच्या एकतीस तारखेला मी काकूंना मदत करायला आत होते. बाहेर अण्णांचं "दोन मिनिटं" ऐकू आलं आणि काकूंनी झारा कढईच्या काठावर आपटला. मग त्यांनी सांगितलं.

अण्णांना धाकटा भाऊ आहे, सुरेश. तरुणपणी तो आंबेनळी घाटावरच्या एका गावात मुलगी बघायला निघाला होता. सकाळची महाबळेश्वर गाडी, आणि हा नवा शर्ट घालून स्टँडच्या फाटकातून धावत येत होता. अण्णांनी त्याला पाहिलं. घड्याळ पाहिलं. आणि माईकवरून सांगितलं, "गाडी सुटलेली आहे. प्रवाशांनी गाडीच्या मागे धावू नये." सगळा स्टँड हसला. सुरेश दुपारच्या गाडीने पोचला तोवर मुलीचं दुसरीकडे जमलं होतं. पुढे त्याचं पोलादपूरच्या मुलीशी लग्न झालं, तिथेच त्याने कापडाचं दुकान टाकलं, संसार छान झाला. पण भावाशी तो परत बोलला नाही. अण्णा पहिल्या वर्षी गल्लीत वर्ष सोडायला उभे राहिले तेच मुळी त्याच्यासाठी. त्याच्या कानावर जावं, त्याने हसत यावं, म्हणून.

एवढं सांगून काकू तशाच बाहेर गेल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "यायचा असता तर आला असता. पोलादपूर काय विलायतेत हाय? तुम्ही जा की."

काकूंच्या मागोमाग मीही बाहेर आले. अण्णांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि चालायला लागले. नरसाळं हातातच होतं. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं, तशी मी पदर खोचून त्यांच्या मागे निघाले. गल्लीचं वर्ष तसंच अर्धवट लटकत राहिलं.

स्टँडवर पोलादपूरची गाडी लागलेलीच होती. अण्णा खिडकीशी बसले. नरसाळं मांडीवर धरून ते सबंध रस्ताभर बाहेरच्या अंधाराकडे बघत होते.

दुकान बंद असेल तर घर कसं शोधायचं, हा विचार करत आम्ही उतरलो आणि अण्णा जागीच थबकले. स्टँडच्या बाकावर त्यांच्याच तोंडवळ्याचा एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी.

त्याने घड्याळ पाहिलं. "उशीर केलास," तो म्हणाला.

"तू हितं काय करतोस?" अण्णांनी विचारलं.

सुरेश जरा खाकरला. मग हळूहळू त्याच्याकडून कळलं ते असं, की अण्णांच्या गाडीची बातमी पहिल्याच वर्षी त्याच्यापर्यंत पोचली होती. दर वर्षी या दिवशी तो वहिनीसाठी साडी घेऊन या बाकावर येऊन बसे. महाडची गाडी लागे, आणि त्याचा पाय उचलत नसे.

"म्हणजे दर वर्षी गाडी सोडतोस?"

"तुझ्याकडनंच शिकलो."

मी तोंडावर पदर धरला. अण्णा मात्र हसले नाहीत. ते भावाजवळ जाऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सुऱ्या, मी बघितलं होतं तुला त्या दिवशी. थांबवायला पायजे होती गाडी."

सुरेशने मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली. "मुलीचं काय नाय रे," तो म्हणाला. "बायको चांगलीच मिळाली. पण माईकवरनं बोललास तू. सगळी हसली. आता हे कानात बोलतोस व्हय?"

अण्णांनी हातातल्या नरसाळ्याकडे पाहिलं. मग ते स्टँडच्या मधोमध जाऊन उभे राहिले, शर्ट सारखा केला आणि नरसाळं तोंडाला लावलं. त्यांचा आवाज सुरुवातीला फाटला, मग लागला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. महाडचे दामोदर यांनी आपल्या धाकट्या भावासाठी गाडी थांबवली नव्हती. सदर चूक त्यांचीच होती." इथे ते अडखळले. "प्रवाशाने धावू नये. गाडी थांबलेली आहे."

चहावाल्याने भांडं खाली ठेवलं. गाडीतली माणसं खिडक्यांतून डोकावली. कुणीही हसलं नाही. हसला तो फक्त सुरेश, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. काकू विचारत होत्या, सगळी अजून अंगणात बसलीत, भजी गार झाली, वर्षाचं काय करायचं? मी फोन अण्णांकडे दिला.

"नवीन पीठ भिजव," अण्णा म्हणाले. "आणि सोडू नको अजून. एक प्रवासी येतोय."

सुरेशने पिशवी उचलली आणि महाडच्या गाडीत आधी चढून मोठ्या भावासाठी खिडकीची जागा धरली.