परदेशी इंजिन

ट्रक मालकीणबाईंच्या नावावर होता. ट्रकबद्दलची मतं मात्र घरातल्या पुरुषांच्या मालकीची होती. ट्रक चढावर धापा टाकू लागला, मागून निळा धूर सोडू लागला, तेव्हा मिस्त्रीने इंजिनाला कान लावून सांगितलं, "ब्लॉक ठणठणीत आहे. आतलं सामान, म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, तेवढं नवं टाकू. पुढची दहा वर्षं बघायला नको."

बाईंना ते पटलं. पण बाईंना पटलेली गोष्ट लगेच केली तर नवऱ्याच्या अकलेला काम काय उरणार? तो आठवडाभर विचार करत राहिला. विचार करणं म्हणजे पेट्रोल पंपावर जो भेटेल त्याला विचारणं. ज्यांनी उभ्या जन्मात सायकलची उतरलेली चेन बसवली नव्हती, तेही इंजिनावर बोलून गेले.

त्यात बाईंचा धाकटा भाऊ येऊन बसला. सात धंदे बुडवून हा आठव्याच्या शोधात होता, त्यामुळे सल्ला द्यायला अगदी मोकळा होता.

"दाजी, कवळी बसवली म्हणून म्हातारा तरणा होतो का?" तो म्हणाला. "अख्खं इंजिनच बदला. माझ्या ओळखीचा एक व्यापारी आहे. परदेशी माल असतो त्याच्याकडे."

"एक तारखेपासून खडी वाहायचं काम आहे," बाई म्हणाल्या. "ट्रक आणि कागद तयार नसले तर वर्षभराचं काम दुसऱ्याच्या घशात जाईल. मिस्त्री म्हणतोय तसं करा ना."

"तुला यातलं काय कळतं?" नवरा म्हणाला.

"ताई, तू फक्त सही कर. बाकी आम्ही बघतो."

दोन दीडशहाण्यांची बेरीज तीन शहाणे होत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. पण ऐकतो कोण?

जुनं इंजिन उतरवून त्याच व्यापाऱ्याला भंगाराच्या भावात देऊन टाकलं. नवऱ्याला वाटलं, पीडा गेली. मग पंधरा दिवस व्यापारी 'माल वाटेत आहे' एवढंच सांगत राहिला. ट्रक गॅरेजच्या दारात तोंड वासून उभा होता. खडी फोडणाऱ्या क्रशरच्या मुकादमाचे फोन बाईंना येत आणि थापाही बाईंनाच माराव्या लागत. नवरा मात्र भेटेल त्याला परदेशी इंजिनाचं कौतुक सांगत हिंडत होता.

एकदाचं इंजिन आलं. हिरवंगार, चकचकीत. मिस्त्रीने ते अर्ध्या दिवसात बसवलं आणि हात पुसत म्हणाला, "एक पट्टी कापावी लागली नाही, एक भोक वाढवावं लागलं नाही. इतकं मापात बसणारं इंजिन मी तर पाहिलं नाही." तो मिशीतल्या मिशीत हसतोय असं बाईंना वाटलं.

"निवड करायला नजर लागते," नवरा म्हणाला.

ट्रक चढ सहज चढला. धुराचं नाव नाही. मग काय, उठता-बसता नवऱ्याचं पालुपद सुरू झालं, "तुझं ऐकलं असतं म्हणजे?" आपण उगाच आडवे आलो की काय, म्हणून बाईंना थोडी लाजही वाटली.

एक तारखेला चार दिवस उरले असताना बाई, नवरा आणि भाऊ अशी तिघं वाहन कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिली. गाडीच्या पुस्तकात नव्या इंजिनाचा नंबर चढवायचा होता.

"इंजिन बदलाच्या नोंदीला तीन आठवडे लागतात," कारकून म्हणाला.

खडीचं काम गेल्यातच जमा होतं.

"नंबरचा ठसा आणलाय?"

मिस्त्रीने इंजिनावर कागद ठेवून, पेन्सिल घासून काढलेला ठसा बाईंनी पुढे केला. कारकुनाने तो पुस्तकाशेजारी ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"बाई, यात बदलायचं काय? पुस्तकात जो नंबर आहे तोच ठशात आहे."

"कारखान्याकडून चूक झाली असेल," भाऊ म्हणाला.

"दोन इंजिनांना एक नंबर नसतो हो. हे तुमचंच इंजिन आहे. कोणीतरी आतलं सामान बदललंय आणि वरून रंग मारलाय."

बाई खिडकीत वाकल्या. "म्हणजे आहेत तेच कागद चालतील?"

"न चालायला काय झालं? अर्ज परत न्या. चला, पुढचे कोण?"

खडीचं काम वाचलं होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि मग त्या सावकाश मागे वळल्या. भावाला नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन आला आणि तो जिन्याकडे सटकला. नवरा तो ठसा उलटसुलट करून बघत राहिला. मग त्याने घसा खाकरला.

"बघ," तो म्हणाला, "तुझ्या शब्दाबाहेर गेलो का मी?"