उरकुडाजींचं कपाळ

उरकुडाजींच्या शेजारी मी सहा वर्षं राहिलो, पण त्या माणसाचं कपाळ कसं आहे हे पहिली पाच वर्षं मला ठाऊक नव्हतं. डोक्याला पांढरा दुपट्टा, तोही थेट भुवयांपर्यंत ओढून गुंडाळलेला. गोंदियाच्या उन्हाळ्यात भल्याभल्यांना अंगावरचा सदरा नकोसा होतो, तेव्हा हा गृहस्थ कपाळ झाकून आणि गळ्याचं बटण लावून ओट्यावर बसायचा. कारण एकच. कपाळावर गंध आहे की भस्म, गळ्यात माळ आहे की ताईत, की काहीच नाही, हे कोणाला म्हणजे कोणाला कळता कामा नये.

"काऊन जी, डोकं दुखून राहिलं का?" असं कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "काम पाहा जी, कपाळ कायले पाहता?"

आता काम सांगतो. रेल्वेत गाड्यांसाठी रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून त्यांचं सगळं आयुष्य गेलं. नोकरी सुटल्यावर चार दिवस स्वस्थ बसावं की नाही? तर नाही. लोकांनी देवी काढून घ्याव्यात, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचून घ्यावी, म्हणून प्रचार करायचा, हा उद्योग त्यांनी आपणहून मागे लावून घेतला. सरकारी देवी डॉक्टर उद्या ज्या गावी जाणार, तिथं हे आज पायी हजर. घरोघर सांगायचे, "पोरं लपवू नका जी. दंडाले दोन ओरखडे, झालं." मुर्रीपासून कामठ्यापर्यंत त्यांना न ओळखणारी म्हातारी शोधून सापडली नसती. शिव्या घालणाऱ्या मात्र न शोधता सापडायच्या.

माझं त्यांच्याशी भांडण होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मी शाळामास्तर. कपाळावर उभं गंध लावणारा आणि पोटातलं ओठावर आणणारा. माझं म्हणणं असं, की चारचौघांत उभं राहून जो लोकांना शहाणपण सांगतो, त्यानं आपण काय मानतो ते आधी सांगून टाकावं. देव मानत असाल तर मानतो म्हणा, नसाल तर नाही म्हणा. लोकांना कळू तर द्या, कोणाचं ऐकतोय ते!

"गुरुजी," ते म्हणायचे, "तीस वर्सं सांधा बदलला. सांधेवाला कोणच्या देवाचा, हे मले एकाही इंजिनानं विचारलं नाही."

"इंजिनाला काय कळतंय! माणसांना कळतं."

"म्हणून तं झाकून ठेवतो!"

बोला आता! आणि नुसतं कपाळ झाकून थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. रस्त्यात देऊळ आलं की हात जोडायची वेळ यायची, म्हणून हे दहा पावलं आधीच छत्री उघडायचे आणि दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. मशीद आली तरी छत्री. चर्चवरून जातानाही छत्री. पावसाचा थेंब नसताना उरकुडाजींची छत्री उघडलेली दिसली, की आसपास देवाचं घर आहे हे परगावच्या माणसानंही ओळखावं. एकादशीला कोणी फराळाला बोलावलं तर यांना भूक नसायची, आणि श्रावणात कोणी मटण खायला बोलावलं तर पोट बिघडलेलं असायचं.

पाचवं वर्ष सरता सरता विहिरीवर पाणी ओढताना त्यांचा दुपट्टा सुटून आत पडला. "कपाळ दिसलं, कपाळ दिसलं!" म्हणत अख्खी आळी धावली. मीही धावलो, खोटं कशाला बोलू? पाहतो तर काय, भुवयांखाली काळाभोर आणि वर भाकरीच्या पिठासारखं गोरं, कोरं कपाळ. ना गंध, ना भस्म. आळीचं समाधान झालं नाही ते नाहीच. "पुसलं असंल," असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढच्या चैत्रातली गोष्ट. कामठ्याच्या वाटेवर एक लहानशी टोली होती, वीस-पंचवीस घरांची. शेजारच्या गावात रोग येऊन ठेपला होता आणि दोन मुलं अंथरुणावर होती. देवी डॉक्टर टोलीला सकाळीच येणार आणि दुपारी पुढं निघणार. ती सकाळ हुकली की पुढच्या हंगामापर्यंत त्यांचं पाऊल तिकडं पडायचं नव्हतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही उरकुडाजींबरोबर आदल्या दिवशी गेलो. आणि गेलो तो गेलो, वर हौसेनं कोतवालाला दवंडीही लिहून दिली: "उद्या सकाळी गावातील सर्व मुलांच्या देवी काढण्यात येतील."

आमच्या खेड्यांतून त्या रोगाला म्हणतात 'माता'. 'देवी' हा आम्हा शिकलेल्यांचा शब्द. हे मला माहीत होतं, पण लिहिताना आठवलं नाही. कोतवालाला माझं वाक्य लांब पडलं. त्यानं ते आखूड करून सगळ्या टोलीभर ओरडून सांगितलं, "उद्या सकायी गावची देवी काढनार हो!"

सकाळी पाहतो तर मातामायच्या, म्हणजे त्यांच्या गावदेवीच्या, चौथऱ्याभोवती टोलीतल्या झाडून साऱ्या बाया बसलेल्या. कोणाच्या हातात केरसुणी, कोणाच्या हातात काठी. पुढं सोनाबाई नावाची एक म्हातारी. देवी डॉक्टरांनी सायकल दुरूनच फिरवली आणि लांबच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले.

"आमची माय काढून कुठी नेऊन राहिले रे?" सोनाबाई कडाडली.

मी पुढं झालो. "बाई, देवी काढायची म्हणजे देवी काढायची नाही. देवी येऊ नये म्हणून देवी..." एवढं बोलून माझं मलाच कळेना. केरसुण्या वर झाल्या.

उरकुडाजींनी मला मागं ओढलं. "टिका, माय, टिका! पोरायच्या दंडाले टिका लावाचा आहे. माय आपल्या जाग्यावरच राहते."

बाया एकमेकींकडं पाहून हसल्या. चला, जमलं म्हणून मी घाम पुसला. पण सोनाबाई हसली नाही. तिनं सहा-सात वर्षांच्या आपल्या नातीला, रुखमाला, मांडीजवळ ओढलं आणि म्हणाली, "ठीक आहे बापा. पण एक सांग. तू मायले मानतोस का नाही? मानत असशील तं आत्ता पोट्टे पुढं करतो. आमाले दुसरं काही नाही पायजे."

उरकुडाजींनी दुपट्टा आणखी खाली ओढला.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "अहो, म्हणा ना मानतो! तीनच तर अक्षरं आहेत." ते खरं होतं की खोटं, याची मला त्या घडीला फिकीर नव्हती. जो मी पाच वर्षं खरं सांगा म्हणून त्यांचं डोकं खात होतो! तिकडं डॉक्टर घड्याळ काढून पाहायला लागले होते.

उरकुडाजी खाली मातीत बसले.

"माझी एक पोट्टी होती, जना," ते म्हणाले. "आमच्या टोल्यात टिकेवाला आला, तवा मी तिले धानाच्या ढोलीत लपवली. मी मायले लय मानत होतो, माय. सारा टोला माझं ऐके. उरकुडा लपवते म्हणून नऊ घरांनी आपापली लेकरं लपवली. त्या साली माझी जना गेली. त्या घरायतलीही गेली. त्यायनं मायकडं पाहून नाही लपवलं. माझ्याकडं पाहून लपवलं. आता तुमी माझ्याकडं पाहून टोचून घेता म्हणता. उद्या माझ्यासारखाच कोणी येईल, मानतो म्हणंल आणि लपवा म्हणंल. तवा काय करसान? माझं नका पाहू. त्या पोट्टीचा दंड पाहा."

मला लाज वाटली. सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, या माणसाला मुलगी होती हे मला माहीत नव्हतं. कपाळ पाहायला मात्र मी धावलो होतो.

सोनाबाई नातीकडं पाहत म्हणाली, "ढोलीत भेली असंल रे बिचारी." आणि रुखमाचं झंपर दंडावरून वर सरकवून तिनं डॉक्टरांना हाक मारली, "ये बापू. इथूनच सुरू कर."

मग एकेक घरातून पोरं निघाली. डॉक्टरांची दुपार टळून गेली, पण तेही कुरकुरले नाहीत. मातामायच्याच चौथऱ्यावर बसून त्यांनी सगळ्यांना टोचलं. बायांनी आम्हाला दही-भात वाढला. मी पोटभर जेवलो आणि पाहिलं तर उरकुडाजीही माझ्याएवढंच जेवले.

एवढ्यात रुखमा दंड धरून रडायला लागली. आजीकडं जाईना, आईकडं जाईना. सरळ उरकुडाजींसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं हुंदके देत विचारलं, "माय रागावंल का माह्यावर?"

उरकुडाजींनी तिला जवळ घेतलं आणि वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. चांगलं दोन-तीन वाक्यांचं होतं ते. पोरगी डोळे मोठे करून ऐकत राहिली, मग नाक पुसून खुदकन हसली.

निघताना मी तिला हळूच बाजूला घेतलं. काय करणार, जित्याची खोड. "काय गं, काय म्हणाले ते तुला?"

"कोणालेच सांगाचं नाही म्हणाले," ती म्हणाली आणि पळाली. मी तिला पुन्हा विचारलं नाही.