टोपी धाकटीची, माणूस थोरलीचा

"याला पाणी लावायचं नाही हं पोरींनो! हा भिजला, तर गाणं विसरतो!"

मामांचा तो आवाज थोरलीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. मामा तेव्हा बोटीवरच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे आणि दर सुट्टीला कुठल्या ना कुठल्या बंदरावरून एक वादक बाहुला घेऊन यायचे. हा मेक्सिकोचा. लोकरीचा, क्रोशावर विणलेला. आखूड काळं जाकीट, विजारीच्या दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत रुपेरी बटणं, गळ्याला लाल बो, हातात गिटार आणि डोक्यावर ही एवढी टोपी! टोपीच्या सावलीत मिशी अशी सुखानं पसरलेली, की बघणाऱ्याला आपणही घटकाभर आडवं व्हावंसं वाटे. दोघी बहिणींनी तेव्हा डोळे विस्फारून माना डोलावल्या होत्या.

पण आवाज तेवढा लक्षात राहिला. सांगणं गेलं वाऱ्यावर.

आता मामा थकले होते आणि आपलं काचेचं कपाट घेऊन थोरलीच्या घरी राहायला आले होते. ना बायको, ना मूलबाळ. कपाटातल्या वादकांनाच ते 'आमची मंडळी' म्हणत. सकाळी चहाच्या आधी काचेवर टिचकी मारत, "उठा रे, सूर लावा!" मगच त्यांचा दिवस उजाडायचा. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी पुढच्या रविवारपर्यंत ठेवून घेतलं, आणि थोरलीच्या डोक्यात किडा वळवळला.

"मामांची पट्टी सुटून ते घरी येतील ना, तेव्हा कपाट कसं लखलखलं पाहिजे! एकेकाला आंघोळच घालते!"

"अगं, तो टोपीवाला लोकरीचा आहे," नवरा म्हणाला.

"लोकर मला शिकवता? गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या हातात क्रोशाची सुई मी दिलीय! सुती आहे तो. नुसत्या बोटानं सांगते!"

बोटानं सांगितलं ते मशीननं ऐकलं नाही. गरम पाण्यातून बाहेर आला तो वादक नव्हता, सुकलेलं अंजीर होतं! टोपीचं बटण झालं होतं. गिटारीचा लवंगेएवढा काटा उरला होता. मिशी तेवढी वेगळ्या धाग्याची म्हणून शाबूत राहिली, म्हणजे आता मिशीलाच माणूस चिकटलेला दिसत होता.

थोरली स्टुलावर मटकन बसली. पण बसून राहील ती थोरली कसली!

"त्यात काय! रविवारच्या आत हुबेहूब दुसरा विणते. मामांना पत्तासुद्धा लागणार नाही!"

अंग झालं, विजार झाली, बटणं लागली. टोपीपाशी मात्र घोडं अडलं. तिची टोपी काही केल्या पसरेना. दर वेळी कडा वर वळून वाटी व्हायची. वादक असा दिसायचा, जणू गाणं संपवून झोळी फिरवायला निघालाय!

टोपी विणावी ती धाकटीनंच. हे थोरलीला ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं, भिंतींनाही ठाऊक होतं. पण धाकटीशी बोलणं बंद होतं. आईच्या शेवटच्या आजारपणात दोघींनी मिळून तिच्यासाठी शाल विणली होती, अर्धी हिनं, अर्धी तिनं. जोडल्यावर थोरलीला धाकटीचा अर्धा भाग सैल वाटला, म्हणून तिनं तो उसवून स्वतः पुन्हा विणायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत आई गेली. धाकटी एक अक्षर बोलली नाही. तेराव्यानंतर बॅग उचलून बाजारापलीकडच्या आपल्या घरी गेली, ती परत इथे फिरकलीच नाही. 'कामाला नाव ठेवलं म्हणून फुगली,' असं थोरलीनं स्वतःला सांगितलं होतं. रोज सांगावं लागत होतं, यावरून काय ते समजा.

"तुम्ही जा," ती नवऱ्याला म्हणाली. "हे विणकामाचं पुस्तक द्या. म्हणावं, लिहिलंय तस्सं कर. स्वतःचं डोकं चालवू नकोस!"

नवरा निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर लोकांची पाकिटं न फोडता पोचवणारा हा सज्जन बायकोचा निरोप मात्र वाटेत फोडायचा, साखर घालायचा आणि मग पोचवायचा.

"ताई म्हणते, टोपी करावी तर तूच!"

"ताई म्हणाली? असं? भावजी, ताप-बिप आलाय का तिला?"

पण धाकटीनं सुई हातात घेतली. दोन दिवसांत टोपी आली. थोरलीनं ती अलगद वादकाच्या डोक्यावर ठेवली आणि वादक नाहीसा झाला!

"कुठे गेला?" नवऱ्यानं विचारलं.

"टोपीखाली."

"आणि गिटार?"

"तीही टोपीखाली! अहो, आणखी दोघं राहायला येतील आत!"

वास्तविक यात कुणाचाच गुन्हा नव्हता. पुस्तक एकच, सुईचा नंबर एकच, टाके तेवढेच. पण क्रोशाला टाके मोजून भागत नाही, हात मोजावा लागतो. थोरलीचा हात असा घट्ट की सुई कुरकुरायची. तिच्या बाहुल्यानं भिंतीत खिळा ठोकावा! धाकटीचा हात असा सैल की तिच्या पिशवीतून शेंगदाणे घरी पोचत नसत. म्हणूनच थोरली आपल्या शिष्यिणींना बजावायची, "दोन हात एका कामाला लागले, तर आधी चार बोटं नमुना विणून एकमेकींना दाखवा!" पण आपल्याच बहिणीकडे नमुना कसा मागणार? मागितला तर पुढे बोलावं लागलं असतं.

"मुद्दाम केलंय!" ती कडाडली. "विचारा तिला, ही टोपी आहे की मांडव!"

"ताई म्हणते, किंचित ऐसपैस झालीय," नवऱ्यानं पोचवलं.

धाकटी हसली. "टोपी बरोबर आहे. हिचाच माणूस आखडलेला असेल. हिच्यासारखाच!"

"ती म्हणते," नवऱ्यानं घरी येऊन घसा साफ केला, "टोपी राहू दे, माणूस जरा अंगानं भरला तर शोभेल."

साखर घातलेला हा निरोप थोरलीला मिरचीसारखा झोंबला. भांडी आपटून झाली. मग बाहुला हातात घेऊन ती खिडकीशी बसली, त्याचं पोट दाबून पाहिलं. दगड! खरंच का आपण एवढं आवळतो? सगळंच? तिनं गुपचूप जाडी लोकर काढली, दुहेरी धागा घेतला, आणि हाताला 'सुट, सुट' म्हणत दुसरा वादक विणायला घेतला. नवऱ्याला बोलली नाही. माघार घेतली हे कुणाला दिसता कामा नये!

आणि बाजारापलीकडे धाकटीनंही तेच मनावर घेतलं होतं. बारीक सुई, बारीक धागा. दर टाका ताईसारखा खेचून घ्यायचा. बोटाला वळ उठला. खेचता खेचता ओठांवर आईची ओवी आली,

एका दोऱ्याच्या गं बाई, दोन टोकांना दोन गाठी
एक बसली रुसून, एक झुरे तिच्यासाठी

ओवीत कोण रुसली आणि कोण झुरते हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. धाकटीनं सुस्कारा टाकला आणि आणखी एक टाका आवळला. तीही भावजींना काही बोलली नाही.

"नवी टोपी झाली," तिनं फोनवर एवढंच कळवलं.

"मग तूच घेऊन ये!" पोस्टमन म्हणाला. "माझी नोकरी कधीच संपलीय. मी चाललो मामांना आणायला!"

रविवारी बेल वाजली. दारात धाकटी. केस पिकले होते, आणि थोरलीला हे कुणी कळवलं नव्हतं. तिनं सकाळपासून मनात एक वाक्य घोळवलं होतं. फार चांगलं, मऊ वाक्य होतं. तोंडातून आलं भलतंच.

"चपला बाहेर काढ."

"काढल्यात केव्हाच."

दोघी कपाटापुढच्या टेबलापाशी गेल्या; पहिला वादक तिथे मांडवाखालीच होता. थोरलीनं मोठ्या ऐटीत नवा वादक पुढे केला. तो तान्ह्या मुलाएवढा होता! धाकटीनं मुठीतली टोपी काढली, ती बाटलीच्या बुचाएवढी! बूच त्या भल्यामोठ्या डोक्यावर बसलं.

"हे काय?" थोरली ओरडली.

"हे काय म्हणजे? तूच म्हणालीस मोठी झाली!"

"आणि तू म्हणालीस माणूस लहान आहे!"

"मग मोठा केलास?"

"मग तू लहान केलीस?"

इतकी वर्षं एकमेकींचं न ऐकणाऱ्या बहिणींनी एकमेकींचं ऐकलं होतं, तेही नेमकं एकाच वेळी!

तेवढ्यात दार ढकलून काळा चष्मा लावलेले मामा आत आले, मागून नवरा. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. टेबलावर बुचाखालचा धिप्पाड वादक आणि मांडवाखालचा ठेंगू वादक पाहिला. मग याची टोपी त्याच्या डोक्यावर आणि त्याची याच्या डोक्यावर ठेवली.

दोन्ही चपखल!

"मला नवे डोळे लागले म्हणून दिसलं, की तुम्हा दोघींना जुन्यांनी दिसत नाही?" मामा म्हणाले. "आणि माझा कुठाय गं?"

थोरलीनं पदराची गाठ सोडली आणि अंजीर त्यांच्या तळहातावर ठेवलं. "मामा, मी... धुतला."

मामांनी मिशीवरून बोट फिरवलं. "हाही माझ्यासारखाच आटला की! असू दे. बँडमध्ये म्हातारे लागतात." त्यांनी त्याला कपाटात मधोमध बसवलं आणि नवऱ्याच्या खांद्याला धरून हातपाय धुवायला आत गेले.

थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण जीव भांड्यात पडला की तिचे हात मोकळे होत. तिनं मोठी टोपी उचलून उजेडात धरली. "कड जरा सैलच आहे गं. शेवटच्या दोन ओळी उसवते, लगेच होतील..." आणि तिनं धाग्याचं टोक ओढलंसुद्धा.

धाकटीनं तिचं मनगट धरलं. हलकेच, तिचा हात सैलच होता.

"नको उसवूस, ताई."

"अगं, नीट दिसावी म्हणून—"

"शालही तू नीट दिसावी म्हणूनच उसवलीस. मला तेव्हा बोलता आलं नाही. तू माझ्या विणीला नाव ठेवलंस, त्याचा राग नव्हता गं मला." धाकटीचा आवाज इतका खाली गेला, की थोरलीला ऐकायला वाकावं लागलं. "आई गेली त्या रात्री तिला थंडी वाजत होती. सैल होती, पण शाल पुरी झाली होती, ताई."