डिपस्टिकच्या नळीचं बघणं

आमच्या मिरजेत जुन्या गाडीच्या इंजिनाला डिपस्टिकची नवी नळी बसवायची, तर आधी रीतसर बघण्याचा कार्यक्रम करावा लागतो. नळी म्हणजे ती, जिच्यातून पट्टी खाली सोडून तेल किती उरलंय ते पाहतात. इंजिनाने होकार दिला तरच मिस्त्री ती बसवतो. बळजबरी केली, की तेल गळतं आणि चारचौघांत शोभा होते.

माझी कुमुदमावशी बासष्टाव्या वर्षी दुसरं लग्न करत होती, सांगलीच्या नोंदणी कचेरीत. आणि नेमकी तिच्या गाडीची नळी बुडाशी गंजली. "पहिल्या लग्नाला मला गाठोड्यासारखं नेलं," मावशी म्हणाली. "या वेळी माझी गाडी मी चालवत जाणार. नाहीतर लग्न नको." आणि ती बोलली की बोलली.

म्हणून लग्नाच्याच दिवशी सकाळी मुजावर मिस्त्रींच्या गॅरेजात कार्यक्रम ठेवला. पोहे मीच केले. मिस्त्रींनी बॉनेट उघडून पहिली नळी दाखवली.

"पत्रिका जुळत नाही," इंजिन म्हणालं.

दुसरी दाखवली. चांगली चकचकीत, वाकही नेमका.

"पत्रिका जुळत नाही."

"अहो, घराणं चांगलं आहे," मिस्त्री काकुळतीला आले.

"असेल. पत्रिका जुळत नाही."

माझं डोकंच फिरलं आणि तोंड सुटलं. एकतीस वर्षांचं धूड, चढावर धापा टाकतं, आणि नखरे बघा! "ताई, हळू. ऐकतंय ते," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात नवरदेव आठल्येकाकांचा फोन. कचेरी जेवणासाठी बंद होईल, रिक्षा पाठवू का? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! "पाठवा," मावशी म्हणाली, "आणि तिच्यात बसून तुम्हीच घरी जा." फोन ठेवला, पण तिचा चेहरा पडला होता. मला फार वाईट वाटलं.

मग तिने पैठणीचा पदर खोचला आणि इंजिनापाशी गेली. "पत्रिकेचं राहू दे. ते कारण मीही खूप जणांना दिलंय. खरं सांग."

इंजिनाने आवाज खाली आणला. "पहिलीची रिंग अजून माझ्यात आहे."

मिस्त्रींनी जीभ चावली. जुनी नळी त्यांनी उपसली होती, पण तिची रबरी रिंग भोकातच चिकटून राहिली होती. ती बघायची राहूनच गेली. अशाने नवी नळी नीट बसत नाही.

"काढतो की आत्ता!"

"काढून कुठे टाकणार?" इंजिनाने विचारलं. "तिला टाकणार असाल, तर मला लग्नच करायचं नाही."

"टाकतंय कोण?" मावशी म्हणाली. "माझ्या पर्समध्ये आमच्या गेलेल्या ह्यांचा चष्मा आहे. आठल्यांना माहीत आहे. ते म्हणाले, असू दे."

तिने क्रोशाच्या सुईने रिंग अलगद बाहेर काढली. कडक झालेली, चिरा पडलेली. रुमालाने पुसून ती चष्म्याच्या डबीत ठेवली. मिस्त्रींनी नव्या रिंगला तेलाचं बोट लावलं आणि नळी दाबली. एका दाबात बसली.

"पसंत आहे," इंजिन म्हणालं. आम्ही टाळ्या पिटल्या. मिस्त्रींनी शेजारच्या दोन दुकानांत साखर वाटली.

कचेरीत पोचलो तर आठल्येकाका दारातच उभे, घामाघूम आणि खूश. साक्षीदार तीन लागतात. मी होते, मिस्त्री होते, काकांचा मावसभाऊ मात्र आलाच नव्हता.

"तिसरा साक्षीदार?" कारकुनाने विचारलं.

मावशीने डबी उघडून रिंग टेबलावर ठेवली. कारकुनाने चष्मा वर सरकवला.

"वधूला किती वर्षं ओळखता?"

"एकतीस," रिंग म्हणाली.

"सही येते?"

"नाही."

"अंगठा चालेल."

रजिस्टरवर काळा, तेलकट गोल उठला. कारकुनाने त्यावर टिपकागद दाबला आणि नवराबायकोचं अभिनंदन केलं.

परतताना गाडी मावशीने चालवली. आठल्येकाका शेजारी बसले होते, चष्म्याची डबी दोन्ही हातांनी मांडीवर धरून. मिरजेपर्यंत रस्त्यावर तेलाचा एक थेंब पडला नाही.