दोन प्लेस द्या

आमचे परशराम आण्णा मयतालाही पहिले पोचतात. एकदा तर माणूस जायच्या आधीच पोचले होते. कारखान्यातले त्यांचे एक जुने सोबती शेवटच्या घटका मोजताहेत असं कुणीतरी सांगितलं आणि आण्णा हार घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसले. आजारी माणसानं डोळे उघडले, आण्णांकडं बघितलं, हाराकडं बघितलं, आणि उठून बसून चहा मागितला. तो माणूस अजून ठणठणीत आहे. आण्णा दिसले की रस्ता बदलतो, एवढंच.

आण्णा माझे शेजारी. बेळगावजवळच्या हिंडलग्यात राहतो म्हटलं की लोक तुरुंगाच्या आत की बाहेर असं विचारतात. आम्ही बाहेर, पण आण्णांच्या शेजारी. मच्छे गावातल्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा ते वॉचमनच्या आधी गेटवर उभे असायचे. लग्नाला मांडववाल्याच्या आधी हजर. कडोलीच्या साहित्य संमेलनात खुर्च्या मांडणाऱ्यांना हेच सांगतात, "पहिली हितं टाका," आणि टाकली की तिच्यावर बसतात. मग पुढं साहित्य काही का असेना. कारण विचारलं तर एकच उत्तर, "पहिला तो पहिला रं. बाकी गर्दी."

मी त्या गर्दीतला. पन्नाशी आली, आयुष्यात कशातही पहिला आलो नाही. त्यात मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून आण्णांच्या मागून सगळीकडं मी असतोच. दमतो, पण असतो.

परवाच्या पावसाळ्यात कट्ट्यावर कुणीतरी पुण्याच्या घोड्यांच्या रेसचं बोलणं काढलं. पहिला कोण येणार हे ओळखलं की पैसे मिळतात, एवढं ऐकलं आणि आण्णा ताडकन उठले. "पहिल्याची पारख करायची? मग ते आमचंच काम की! सुभाष, रविवारी जाऊया."

आण्णांनी तोवर घोडं पाहिलं होतं ते निपाणीकडच्या जत्रांतल्या गाड्यांच्या शर्यतीत, तेही धूळ बसल्यावर. मी काढता पाय घ्यायच्या बेतात होतो. पण त्या संध्याकाळी वहिनींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, मला कुंपणापाशी गाठलं.

"सुभाष, तू जाच त्यांच्यासंगं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घोडी बघून झाली की त्यास्नी किरणकडं घिऊन जा. आपणहून जायाचं न्हाईत ते. तेवढं कर बाबा. वाट बघून डोळं गेलं माझं."

किरण हा आण्णांचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून तो पुण्याला गेला आणि गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान काढलं. दुकान बरं चालतं. पण पाच वर्षांपूर्वी तो गणपतीला घरी आला, तेव्हा चार माणसांत आण्णा बोलून गेले, "आमचा इंजिनेर सीटा शिवतोय." किरण जेवणाच्या पानावरून उठला तो गेलाच. त्यानंतर फोन करतो, पण फक्त आईला. पलीकडून किरण आहे हे कळलं की आण्णा परसात जाऊन झाडांना पाणी घालतात. पावसाळ्यातसुद्धा.

तर शनिवारी आम्ही निघालो. निपाणीला गाडी चहाला थांबली. आण्णा पहिले उतरले आणि सगळ्यात आधी परत चढून रिकाम्या गाडीत एकटे बसून राहिले. कंडक्टरनं खालून कपबशी दाखवत समजावलं, "इन्नू टैम ऐती, अज्जा!" अजून वेळ आहे हो. आण्णा हलले नाहीत. मला त्यांच्यासाठी चहा खिडकीतून वर द्यावा लागला. पुढं पुण्यापर्यंत मी तीनदा किरणचं नाव काढलं आणि तिन्ही वेळा आण्णांनी मला बाहेरचा ऊस दाखवला.

लॉजवर रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी रेसकोर्सवर अर्थातच आम्ही पहिले. तिकिटाच्या खिडक्या उघडायच्या होत्या. एकीवर इंग्रजीत 'विन' आणि 'प्लेस' असं लिहिलं होतं. आण्णांनी ते वाचून मान डोलावली. "प्लेस म्हंजे जागा. आधी जागा धरायची, मग पैज." खिडकी उघडताच त्यांनी आत तोंड घातलं.

"दोन प्लेस द्या."

"नंबर?" आतल्या माणसानं विचारलं.

"शेजारी शेजारी असूद्यात. सात, आठ?"

आतून दोन तिकिटं आली. ती नाचवत आण्णा स्टँडमध्ये शिरले, तोवर सातव्या खुर्चीवर टोपी घालून येऊन बसलेल्या एका गृहस्थांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "उठा. ही आमची हाय."

गृहस्थ जुने रेसवाले निघाले. त्यांनी तिकिटं पाहिली आणि त्यांना इतकं हसू आलं की टोपी काढावी लागली. मग शेजारी बसवून घेऊन त्यांनी आम्हाला शिकवलं. ही जागेची तिकिटं नव्हेत, सात आणि आठ नंबरच्या घोड्यांवर लावलेले पैसे आहेत. ज्या घोड्यावर सगळे लावतात त्याचा भाव, म्हणजे मिळणारे पैसे, कमी, ज्याला कुणी विचारत नाही त्याचा जास्त. आठला कुणी विचारत नव्हतं. सातला थोडेफार.

"म्हंजे हुशाराला कमी अन् ढ ला जास्त?" आण्णा माझ्याकडं वळले. "उलटाच कारभार हाय रं ह्यांचा."

रेस सुटली. लांबून फक्त रंगीत टोप्या पळताना दिसत होत्या. जवळ आल्यावर जमीन हादरली, सगळे उठून ओरडायला लागले, आणि मीही कशासाठी ते न कळता ओरडलो. आठ नंबर सगळ्यांच्या मागून सावकाश आला. सात तिसरा आला.

"तिसरा," आण्णा म्हणाले आणि तिकीट चुरगाळलं.

"अहो, फेकू नका, पैसे घ्या जाऊन," टोपीवाले म्हणाले. "प्लेस आहे ना तुमचं. विन म्हणजे पहिला आला तरच. प्लेसला पहिल्या तिघांतला कुठलाही चालतो. तिसऱ्यालाही धरतात."

"तिसऱ्यालाबी धरत्यात?"

"धरतात की."

"अन् दुसऱ्याला?"

"अहो, तिसऱ्याला धरतात म्हटल्यावर दुसऱ्याला धरणारच!"

आण्णा खाली बसले. समोरून सात नंबरला परत नेत होते. त्याचा मोतद्दार त्याच्या मानेवर थापटत काहीतरी बोलत चालला होता. आण्णा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग चुरगाळलेलं तिकीट मांडीवर ठेवून तळहातानं सपाट करत म्हणाले, "आठवीला किरण दुसरा आलता. त्याच्या आईनं वाटायला गोड म्हणून कुंदा आणला. मी तिला तो दुकानात परत द्यायला लावला. दुसऱ्या नंबराचा कुंदा खायाचा न्हाय म्हटलं." त्यांनी तिकिटाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "पोरगं दारात हुबं हुतं रं."

मला गलबलून आलं आणि त्यांचा रागही आला. मी किरणचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ह्या वेळी त्यांना पाणी घालायला झाडं नव्हती.

"मी बोलतोय," आण्णा म्हणाले. "आण्णा. पुण्यात आलोय… घोडी बघायला." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "न्हाय. तुला बघायला आलोय."

पलीकडून मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं किरण म्हणाला, "कुठं हाय तुम्ही, रेसकोर्सवर? तिथंच थांबा. हलू नका."

आम्ही गेटपाशी उभे राहिलो. आण्णा प्रत्येक मोटरसायकलकडं बघत होते आणि मधूनमधून मला विचारत होते, "वळखंल न्हवं?" कोण कुणाला, ते मी विचारलं नाही.

किरण आला. हेल्मेट हँडलला अडकवलं आणि पाया पडायला वाकला. टाळूवर त्याचे केस विरळ झाले होते, उरलेले पांढरे होऊ लागले होते. आण्णांनी त्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद पुटपुटून झाला, तरी हात उचलला नाही. गेटमधून बाहेर पडणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

"आण्णा," वाकल्या वाकल्या किरण म्हणाला, "उठू का?"

"थांब रं जरा," आण्णा म्हणाले.

किरण तसाच वाकून राहिला. आमची परतीची गाडी चुकणार हे मला दिसत होतं, पण मी घड्याळ बाहीखाली सारलं.