ऑर्विलच्या अकरा सूचना

'तीरकमठ्यानं रानटर्की मारण्याच्या दहा सूचना' हा कागद ऑर्विल क्रॅबट्रीनं मिसूरीतल्या आपल्या गावात घरोघर वाटला होता. न्हाव्याकडे ठेवला, दातांच्या डॉक्टरलाही दिला. अडचण एवढीच, की आठ वर्षांत खुद्द ऑर्विलनं तीरकमठ्यानं एक पीससुद्धा पाडलं नव्हतं.

"दाजी, यंदाही हात हलवत आलात, तर चर्चच्या जेवणात तो कागद सगळ्यांसमोर फाडायचा!" मेहुणा डेल्मर म्हणाला.

"फाडीन!" ऑर्विल तावातावानं बोलून गेला, आणि महिनाभर त्याची झोप उडाली.

हंगामाचा शेवटचा दिवस नेमका रविवार निघाला. दुपारी एकला शिकार बंद. तरी बायकोनं, लोरीननं, त्याला आधी चर्चला नेलंच. पाद्रीबुवांचं प्रवचन काही संपेना. अखेर 'आमेन' कानावर पडताच ऑर्विल सुटला तो थेट गाडीत. लोरीन काय, येईल भावाच्या गाडीतून!

रानाच्या कडेला त्यानं लपायचा तंबू उभारला. सूचना चार: खुंट्या पक्क्या ठोका. हातोडी घरी राहिली होती. सूचना पाच: तंबूत काळे कपडे घाला. अंगावर चर्चचा काळा सूट होता. चला, एक तरी जमलं! सूचना सहा: पंधरा पावलांवर नकली मादी ठेवा. नकली मादी घरी, हातोडीच्या शेजारी.

"मेलो!" ऑर्विल म्हणाला. तेवढ्यात त्याला गाडीच्या सीटवर लोरीनची टोपी दिसली. तिच्या आईची आठवण, तपकिरी पिसांनी गच्च भरलेली. मागच्या बाईला पाद्रीबुवा दिसत नाहीत म्हणून लोरीन ती गाडीतच काढून ठेवायची. ऑर्विलनं टोपी काठीवर खोचली, तंबूत शिरला आणि लाकडी डबी घासून मादीचा आवाज काढला.

पाऊण वाजता नर आला. छाती फुगवून, पिसारा पसरून तो टोपीभोवती असा काही मिरवू लागला, की ऑर्विललाच लाज वाटली. सूचना नऊ: नरानं पाठ फिरवली, पिसाऱ्याआड त्याचे डोळे गेले, की तीरकमठ्याची दोरी ओढा. ऑर्विलनं ओढली. कोपर तंबूच्या कापडात अडकलं, बिनखुंट्यांचा तंबू उचलला गेला, खुर्ची कलंडली आणि ऑर्विल तंबूसकट आडवा झाला.

"संपलं सगळं!" त्याला रडूच आलं. तरी त्यानं तंबूच्या खिडकीतून पाहिलं. नर पळाला नव्हता. तो टोपीवर चढून बसला होता आणि जगबुडी आली तरी उतरणार नव्हता. ऑर्विलनं पडल्यापडल्याच दोरी ओढली आणि बाण सोडला.

पुढच्या रविवारी चर्चच्या जेवणात डेल्मरनं तीनदा टर्की वाढून घेतली. "मानलं दाजी तुम्हाला! एक कागद द्या बरं."

"शिस्त लागते, डेल्मर," ऑर्विल मान ताठ करून म्हणाला. "सूचनेबाहेर पाऊल टाकायचं नाही!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात लोरीन आत आली. डोक्यावर तीच टोपी. बाणानं पडलेल्या भोकात नराच्या शेपटीचं लांबलचक पीस खोवलेलं. टाळ्या दुप्पट झाल्या. तिनं ऑर्विलच्या हातातले कागद काढून घेतले.

"ते जुने झाले. मी नवे छापून आणलेत."

डेल्मरनं मोठ्यानं वाचलं, "सूचना अकरा: टोपी बायकोची असेल, तर तंबूत बायको बसेल आणि तीरकमठाही तिच्याच हातात राहील. नवऱ्यानं हातोडी आणावी."

सगळ्या बायका खुर्च्या सरकवून उठल्या आणि लोरीनभोवती एकच गर्दी झाली. आठ वर्षांत पहिल्यांदाच सूचनांचे कागद कमी पडले.