हरणेसाहेबांचं एकुलतं एक वाक्य

नट पारखावा तर मीच! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. पेशाने मी हिशेबतपासनीस. माणूस दारातून आत आला की त्याच्या जमेला काय आणि नावे काय, हे तो खुर्चीत टेकायच्या आत मला कळतं. आयुष्यात एकदाच बेरीज चुकली, पण ती बाई हे वाचणार आहे, म्हणून तो विषय इथेच थांबवतो.

रंगीत टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. कर्वेनगरात आमची सोसायटी नवीकोरी होती. उपनगरांतल्या सोसायट्यांची दरवर्षी एकांकिका स्पर्धा व्हायची आणि फिरती ढाल दरवर्षी हडपसरच्या मंडळींकडे जायची. फिरती कसली! हडपसरला पोचल्यापासून ती जागची हलली नव्हती. त्या वर्षी सोसायटीच्या सभेत मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "यंदा ढाल इथे आली नाही, तर दिग्दर्शन दिगंबरपंतांकडे सोपवून मी प्रेक्षकांत बसेन!"

कडाडून टाळ्या पडल्या. ढालीसाठी की माझ्या बसण्यासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दिगंबरपंत म्हणजे आमचे प्रॉम्प्टर. उभा जन्म त्यांनी विंगेत काढला होता. आवाज असा की गच्चीतून "दूध आलं का?" म्हणून विचारलं, तर तीन सोसायट्यांतून उत्तरं यायची. दोष एकच. नटाने श्वास घ्यायला तोंड उघडलं, की पंतांना वाटायचं हा विसरला! लगेच पुढचं वाक्य त्याच्या तोंडात कोंबायचे. त्यांच्या घरी जेवताना पाहुण्याने जरा विचार केला तरी पंत म्हणायचे, "पोळी वाढा!"

याच पंतांच्या वरच्या खोलीत एक अमेरिकन भाडेकरू आला. योग शिकायला. नाव हार्लन. पंतांनी पहिल्याच दिवशी त्याचा 'हरणेसाहेब' करून टाकला, आणि दारावर तशी पाटीही लावली. सहा फूट उंच, पिंगट मिशा, आणि चालणं असं की आत्ताच घोड्यावरून उतरलाय.

"तुम्ही काय करत होता?" मी जिन्यात गाठून विचारलं.

"मी नट होतो," तो म्हणाला. "युरोपात. रोमला."

मी जिन्यातच बसलो! कर्वेनगरात, आमच्या जिन्यात, युरोपातला नट! हडपसरकरांकडे फार तर एक निवृत्त फौजदार होता.

मग त्याने चहावर आपली कारकीर्द सांगितली. त्याचं इंग्रजी मला रुपयातले बारा आणे कळलं. गडी अमेरिकेतून रोमला गेला, कारण तिथे त्या काळी घोड्यांचे आणि बंदुकांचे चित्रपट निघत आणि त्यांना खरा अमेरिकन चेहरा हवा असे. चेहरा फक्त! आवाज मागाहून एक इटालियन गृहस्थ बंद खोलीत बसून भरायचा. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर हरणेसाहेबाने नुसते ओठ हलवायचे. तो आकडे म्हणायचा. नायिकेला "सात, आठ, नऊ" म्हणून मागणी घालायचा आणि "चौदा, पंधरा" म्हणत मरायचा. असे तीन चित्रपट. तिन्हींत मध्यंतराच्या आत मेला.

"आणि मग?"

"मग तो आवाजवाला आजारी पडला," हरणेसाहेब म्हणाला. "त्यांनी मला घरी पाठवलं."

आवाजाचा घसा बसला म्हणून चेहऱ्याला नारळ! आमच्या ऑफिसात सुद्धा असा कारभार होत नाही, आणि आमचं ऑफिस सरकारी आहे.

मी त्याच बैठकीत त्याला 'कलेक्टरचा काळ' या स्वलिखित एकांकिकेत दुष्ट कलेक्टरची भूमिका दिली. लेखक मी, दिग्दर्शक मी, कलेक्टरला गोळी घालणारा क्रांतिकारक मी. क्रांतिकारकाची पत्नी, माझीच पत्नी वासंती. तीही भूमिका मी केली असती, पण मिशी काढायची तयारी नव्हती.

पहिल्या तालमीत हरणेसाहेबाने तोंड उघडलं, आणि रोममधल्या लोकांनी त्याच्यासाठी दुसरा आवाज का शोधला ते मला समजलं. एवढ्या धिप्पाड देहातून तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज! त्यातून मराठी बाहेर पडली, तेव्हा वासंतीने पदर तोंडात धरला.

"अहो, हा कलेक्टर आहे की कपाट?" ती म्हणाली.

तोडगा खुद्द हरणेसाहेबानेच सुचवला. "युरोपात करतात तसं करू. मी ओठ हलवतो. आवाज दुसऱ्याचा."

दुसरा म्हणजे अर्थात दिगंबरपंत! विंगेत बसून माईकवरून कलेक्टरची वाक्यं म्हणायची. लाऊडस्पीकरवाले हुसेनभाई मोमीन सामान बघायला आले आणि दारातच थबकले.

"पंतांना माईक?" ते म्हणाले. "श्रीधरराव, पंतांना रुमाल द्या, तोंडावर धरायला. तेवढ्यात काम होईल."

"बटणवाला माईक द्या," मी म्हणालो. "कलेक्टरच्या वाक्यालाच बटण दाबायचं. बाकीच्यांना नेहमीसारखं हळू सांगायचं. कळलं ना, पंत?"

"मला शिकवू नका," पंत म्हणाले. "तुम्ही जन्मलाही नव्हता तेव्हा मी विंगेत होतो."

सगळं ठरलं. तेव्हा हरणेसाहेब माझ्याजवळ आला आणि अवघडून म्हणाला, "मला एक वाक्य हवंय. माझ्या आवाजात. एकच. तीन चित्रपटांत मी माझा आवाज एकदाही ऐकला नाही. आई थेटरात गेली होती. बाहेर येऊन म्हणाली, मुलगा आपल्यासारखा दिसतो, पण कुणाचा आहे देव जाणे."

मी काही दगड नाही. मी त्याला मरतानाचं वाक्य दिलं. छातीवर हात ठेवून त्याने म्हणायचं, "मी जातो!" दोनच शब्द. पंतांना बजावलं, तिथे गप्प बसायचं. महिनाभर हरणेसाहेब गॅलरीत, जिन्यात, नळाखाली "मी जातो" घोकत होता. दूधवाला बिचारा दर वेळी "बरं" म्हणायचा.

स्पर्धेचा दिवस उगवला. शाळेचं सभागृह खच्चून भरलेलं. पहिल्या रांगेत परीक्षक, दुसऱ्या रांगेत हडपसर. पडदा उघडला, हरणेसाहेब पाय फाकून उभा राहिला, ओठ हलवले आणि लाऊडस्पीकरमधून पंतांचा आवाज गडगडला, "या मुलखात माझा शब्द हाच कायदा!" सभागृह हादरलं. एक मूल रडायला लागलं. मी मनातल्या मनात ढालीसाठी भिंतीवर खिळा ठोकला.

मग मी आलो, पाठोपाठ वासंती आली आणि वाक्य विसरली.

यात नवल नव्हतं. नवल हे, की पंतांनी माईकचं बटण सोडलंच नव्हतं! सवयीप्रमाणे त्यांनी तिचं वाक्य सांगितलं आणि ते अख्ख्या सभागृहात घुमलं, "नाथ! तुमच्यावाचून मला कोण आहे?"

आवाज आला की ओठ हलवायचे, हे तीन चित्रपटांत हरणेसाहेबाच्या हाडात मुरलेलं. वाक्य कुणाचं हे त्याला कुठे कळतंय! तो माझ्याकडे वळला. कमरेला तलवार, डोक्यावर टोप, आणि कलेक्टर मला म्हणतोय, नाथ!

दुसऱ्या रांगेत हडपसर हसत हसत खुर्च्यांखाली गेलं.

मी हादरून गप्प झालो. झालं! पंतांना वाटलं, हाही विसरला. "होय प्रिये," लाऊडस्पीकर गरजला, "पण आधी या नराधमाला यमसदनी धाडतो!" हेही कलेक्टरच म्हणाला. वासंतीने अजूनही तोंड उघडलं नव्हतं, म्हणून पुढचंही तोच म्हणाला, "धाडा नाथ, विलंब नको!"

स्वतःच्या वधाची इतकी निकड मी कुठल्याही कलेक्टरमध्ये पाहिली नाही. मी पिस्तूल काढलं आणि चाप ओढला. टिकली दमट होती. आवाजच नाही! पण हरणेसाहेब युरोपात मरून आलेला माणूस. बंदूक वाजो न वाजो, तो मेला! आधी गुडघ्यावर आला, मग खांबाला धरून गरगर फिरला, टेबलावरून लोळला, पुन्हा उठला. अहो, असं मरण पुण्यात कुणी पाहिलं नव्हतं! शेवटी छातीवर हात ठेवून त्याने खोल श्वास घेतला. त्याचं वाक्य आलं होतं.

पंतांना ती शांतता सोसली नाही. "मी जातो!" लाऊडस्पीकर म्हणाला.

हरणेसाहेबाचं तोंड उघडंच राहिलं. आणि सभागृहातून एकच आरोळी आली, "वन्स मोअर!"

आजवर गाण्याला वन्स मोअर ऐकला होता. मरणाला पहिल्यांदाच! हरणेसाहेबाचे डोळे चमकले. त्याला दुसरी संधी मिळाली होती. तो उठला, पुन्हा गरगरला, पुन्हा लोळला, या वेळी घाईने श्वास घेतला... "मी जातो!" पंतच.

"वन्स मोअर!"

तिसऱ्यांदा तो टेबलापर्यंत पोचला आणि पडदा पडला. टेबलाआडून कुणाचा तरी बारीक आवाज आल्यासारखा वाटला. टाळ्यांत बुडून गेला.

निकाल लागला. ढाल आम्हाला! परीक्षक म्हणाले, "जुलमी सत्ता प्रजेचेही शब्द स्वतःच बोलते, हे लेखकाने फार धीटपणे दाखवलं." मी नम्रपणे मान खाली घातली. नम्रतेने नव्हे, वासंती समोर होती म्हणून. पुढे ते म्हणाले, "वाचिक अभिनयाचं खास पारितोषिक, श्री. हरणे! एवढं खणखणीत मराठी! दोन शब्द बोलाच!"

हा बोलला तर बिजागरी वाजणार आणि ढाल जागच्या जागी हडपसरला फिरणार! हरणेसाहेब माईकसमोर आला. चालू माईक, भरलेलं सभागृह, पंत लांब, विंगेत. आयुष्यभर वाट पाहिलेली जागा. त्याने श्वास घेतला आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी धोतराच्या निऱ्यांआड दोन्ही हात जोडले.

त्याने तो श्वास हळूच सोडला. गळ्याला हात लावला, मान हलवली आणि घसा बसल्याची खूण केली.

"वा!" परीक्षक गहिवरले. "घसा फुटेपर्यंत काम केलं!"

पंधरवड्याने हरणेसाहेब अमेरिकेला निघाला. फाटकाशी रिक्षा उभी. वासंतीने त्याच्या हातावर दही घातलं, बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. हुसेनभाई मुद्दाम आले होते. हरणेसाहेबाने शर्ट नीट केला आणि वर पाहिलं. पंतांची गॅलरी रिकामी. मग त्याने छातीवर हात ठेवला, शांतपणे श्वास घेतला आणि म्हणाला,

"मी जातो."

त्याचाच आवाज! बारीक, करकरता, पण स्वच्छ. दोन्ही शब्द नीट. हुसेनभाईंनी डोक्यावरची टोपी उगीचच सारखी केली.

आणि वरून पंतांचं डोकं बाहेर आलं.

"अहो हरणेसाहेब! 'जातो' काय? निघताना 'जातो' म्हणतात का कुणी? 'येतो' म्हणावं! कुणी शिकवलं हो यांना हे?"

हरणेसाहेबाने माझ्याकडे पाहिलं. वासंतीने पाहिलं. हुसेनभाईंनी तर वळून पाहिलं.

मी रिक्षावाल्याला म्हणालो, "निघा हो तुम्ही. उशीर होतोय त्यांना."